खालच्या गावाला इशारा

१२ मार्च

नोकरी लागली. धरणाच्या कार्यालयात, इशारा विभागात. लुआन साहेबांनी निळं जाकीट दिलं, ते मला दोन मापं मोठं होतंय. थेल म्हणाला, "नवराही आत मावावा म्हणून दिलं असेल." मग घालूनच बसला जेवायला.

काम असं आहे. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की सीमेपलीकडच्या खालच्या गावाला आधी कळवायचं. तिथे खांबावर लाउडस्पीकर बसवणार आहेत. मी इथल्या खोलीत बोलले की तिकडे ऐकू जाणार. साहेब म्हणाले, "आमच्या भाषेत सांगितलं तर त्यांना कळत नाही, त्यांच्या सरकारच्या भाषेत सांगितलं तर पटत नाही. तुझा आवाज त्यांच्या घरातला आहे." ते खरंच. सरकारांनी सीमेची रेघ ओढली तेव्हा आम्ही जराय लोक अर्धे इकडे राहिलो, अर्धे तिकडे. माझी मावशी आणि यामताई तिकडे आहेत. आमच्यात मावशीची मुलगी म्हणजे सख्खीच बहीण.

साहेबांनी भिंतीवर नकाशा दाखवला. हवा बदलली आहे, पाऊस आता जुन्या वेळा पाळत नाही, दुष्काळ लांबतो आणि वादळ अवेळी येतं, म्हणून दोन्ही देशांनी नदीशी जुळवून घ्यायचं ठरवलं आहे. "आणि त्या जुळवून घेण्यातली पहिली कडी म्हणजे तू," असं म्हणाले. घरी येताना गाडीवर मी मोठ्याने सराव केला. रस्त्यातल्या म्हशी बघत राहिल्या.

२० मार्च

खालच्या गावी जाऊन आले. चौकीवरच्या शिपायाने जाकीट बघून सलाम ठोकला!

नदी कोरडी आहे. लोक पायीच इकडून तिकडे जातात. दोन महिने वरून पाणी सुटलेलं नाही, भिंतीमागे अडवून ठेवलंय. खांब उभा करायला सगळं गाव आलं. यामताईने दारूचा रांजण उघडला. वेळूची नळी आधी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले, तेव्हा बायका फार हसल्या.

यामताईचा नवरा ब्लिन मासे धरतो, म्हणजे धरायचा. तो खांबाकडे बघत म्हणाला, "मेहुणीबाई, हे यंत्र पाणी येणार ते सांगतं. पाणी येणार नाही, ते कोण सांगणार?"

मी म्हटलं, ते माझ्या कामात नाही.

मावशी दारात चिलीम ओढत बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "प्राक, पाणी घेऊन आलीस का पाण्याची बातमी घेऊन?"

म्हातारीला टोमणा मारल्याशिवाय करमत नाही. येताना तिनेच पिवळ्या मुंग्यांचं तिखट मीठ बांधून दिलं.

४ एप्रिल

आज सराव झाला. मी माइकवर वाचलं, "नदीकाठच्या सर्व नागरिकांनी सतर्क राहावे, नदीपात्रात कोणीही उतरू नये, तात्काळ उंच जागी जावे." आमच्या भाषेत 'नागरिक' आणि 'सतर्क' असले शब्द नाहीत. मी म्हटलं, "काठावरच्यांनो, नदी येतेय, काजूच्या टेकडीवर चढा." यामताईने फोन करून सांगितलं की सगळे चढले, शेळ्यासुद्धा. आणि टेकडीवर जाऊन सगळ्यांनी डबे उघडले. "अशी सहल रोज काढ बाई," म्हणाली.

२६ एप्रिल

डोहातले उरलेसुरले मासे मेले. यामताईची काठावरची तंबाखू जळाली. तिने फोनवर विचारलं, "तुझ्या साहेबाला सांग ना, थोडं सोडा म्हणावं. पूर नको, आमचे हंडे भरण्यापुरतं."

मी विचारलं. साहेबांनी कपाळ चोळलं. "प्राक, पाणी कुणाला किती द्यायचं ते राजधानीत ठरतं. माझ्या हातात नळसुद्धा नाही. आपलं काम सांगण्याचं."

दुपारी परदेशी पाहुणे आले होते. मला माइकसमोर बसवून फोटो काढले. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. साहेब म्हणाले, "त्या म्हणतात, तू माणसं वाचवणार आहेस." मला रडू आलं. ताईला फोनवर सांगितलं तर ती नुसती "हं" म्हणाली. विहीर उपसत होती.

१९ मे

वादळ आलं, दीड महिना आधीच. सकाळी संदेश आला आणि मी इशारा दिला. सगळं गाव टेकडीवर गेलं आणि ओल्यात बसून राहिलं. पाणी आलं गुडघाभर. खाली उतरले तर कुणाची तरी गुरं मोकाट शिरून मक्याचे कोंब खाऊन गेली होती, आणि ताईची दोन डुकरं गायब. ब्लिन म्हणाला, "बघा, पुरापेक्षा इशारा महाग."

पण कुणाला खरचटलंही नाही. मी समाधानी आहे.

८ जून

पुन्हा इशारा दिला. पाणी आलंच नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, वादळ वळलं.

"मग तिकडे कळवू का, उतरा म्हणून?"

"राहू दे. आणि हे बघ, यापुढे वेधशाळेने नुसता ढग म्हटलं तरी इशारा द्यायचा. आपण सांगितलं आणि पाणी आलं नाही, तर कुणाचं काही बिघडत नाही. न सांगता आलं तर मात्र आपली मान अडकते. सांगितलेलं असलं की आपण मोकळे."

किती काळजी घेतात. आधीच्या नोकरीत असा साहेब नव्हता.

३ जुलै

या आठवड्यात तीनदा.

११ जुलै

ताई म्हणाली, गावातली पोरं माझी नक्कल करतात. एक जण झाडावर चढतो, "काठावरच्यांनो, नदी येतेय!" ओरडतो आणि बाकीचे खाली आडवे होऊन घोरतात. ब्लिनने माझं नाव 'कोंबडा' ठेवलंय. सूर्य असो नसो, आरवतोच.

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

थेल म्हणाला, "मग कशाला आरवतेस?"

"काम आहे माझं."

"सुरीखाली जाणाऱ्या कोंबड्याचंही तेच असतं." आणि पाठ फिरवून झोपला. त्याला बोलायला काय जातं?

३० जुलै

आज धीर करून साहेबांशी बोलले. म्हटलं, लोक आता चढत नाहीत. खोटे इशारे बंद करा, जेव्हा खरंच दरवाजे उघडणार असतील तेव्हाच मला सांगा.

साहेब खुर्चीतून उठले. मग दार लावून घेतलं.

"दरवाजे कधी उघडणार ते मला कळतं असं तुला वाटतं? ते दुसऱ्या इमारतीत ठरतं. वीज किती हवी, भिंतीवर दाब किती, त्यावर. तिकडून निरोप निघतो, शहरात जातो, तिथून शिक्का बसून माझ्याकडे येतो. कधी आधी येतो. कधी नंतर."

"नंतर म्हणजे?"

"म्हणून तर ढग दिसला की सांगायचं," ते म्हणाले आणि चहा मागवला.

४ ऑगस्ट

रविवारी खालच्या गावी गेले. लाउडस्पीकरची बॅटरी लोकांनी फोन चार्ज करायला काढून नेली होती. मी कुणाला काही बोलले नाही, परत जोडून दिली. ताईच्या घरी जेवले, कडू वांगी आणि कसाव्याच्या कंदाचा पाला. मावशी नव्हती. डोंगरावरच्या भाताला पोपट लागतात म्हणून ती आता तिकडेच खोपटात राहते.

ताई म्हणाली, "प्राक, एक सांगू? त्या भोंग्याचं मी ऐकणं सोडलंय. दर वेळी घर उचलून चढायचं तर गुडघे राहायचे नाहीत."

मला तिची दया आली, स्वतःचीही. मी तिला म्हटलं, "ताई, भोंगा कितीही ओरडू दे. तो सरकारचा आवाज. खरं असेल, म्हणजे दरवाजे उघडल्याचा निरोप आला, की मी तुला स्वतः फोन करीन, माझ्या फोनवरून. माझा फोन आला तर भांडी तशीच टाक आणि पळ. नाही आला तर निवांत राहा."

तिने माझे दोन्ही गाल ओढले, लहानपणी ओढायची तसे. "आता कशी माझी बहीण बोलली!" लगेच शेजारच्या म्हातारा-म्हातारीला बोलावून सांगितलं, "आमच्या प्राकने तोड काढली."

परत येताना इतकं हलकं वाटत होतं. ही गोष्ट कार्यालयात कुणाला सांगणार नाही.

२२ ऑगस्ट

आमच्या तोडीचा उपयोग झाला. भोंग्यावर दोनदा इशारा वाचला, फोन केला नाही. पाणी आलं नाही. संध्याकाळी ताईने फोन केला, "झोप झाली छान. तुझं बरोबर होतं."

१७ सप्टेंबर

आज विशेष काही नाही. इथे ऊन होतं. वर डोंगरात पाऊस आहे म्हणतात. दुपारी जेवणाच्या आधी नेहमीचा संदेश आला, 'विसर्गाची शक्यता', तो वाचला. वाचून माइक बंद केला आणि डबा उघडला. ताईला सहज फोन करावा असं वाटलं, तिच्या गुडघ्याला तेल पाठवायचं होतं त्याचं विचारायला. पण आता माझा फोन म्हणजे तिला वाटेल पूर आला, उगाच धावत सुटेल बिचारी. म्हणून नाही केला.

थेल कसावा विकून आला. म्हणाला, सकाळी धरणाखालच्या पुलावरून जाताना पाणी लालभडक होतं, मुळासकट झाडं वाहत होती.

"सकाळी? इशारा तर दुपारी आला."

"मग नदीला शिस्त नाही, दुसरं काय?"

परतीच्या वाटेवर घेतली असणार. तोंडाला वास होता.

२१ सप्टेंबर

यामताई गेली.

२८ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. पण थेलने वही आणून समोर ठेवली. म्हणाला, बोलत नाहीस तर लिही तरी.

ताई सापडली गावाच्या बरीच खाली, वेळूच्या बेटात. शेजारचा म्हातारा तिथेच जवळ सापडला. त्याची म्हातारी सापडली नाही. घरं सगळी गेली. बाकीचं गाव त्या दिवशी डोंगरावर निंदणीला होतं म्हणून वाचलं. माझ्यामुळे नाही, निंदणीमुळे.

पाण्याने नेलेल्यांना गावच्या स्मशानात घेत नाहीत. जंगलाच्या कडेला वेगळं पुरलं. मावशी रोज भात घेऊन जाते. मेलेल्याला भूक लागते, आणि ही तर न जेवताच गेली, असं ती म्हणते.

ब्लिन त्या दिवशी बाजाराला गेला होता. पुरल्यानंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. मी म्हटलं, शिव्या दे. त्याने दिल्या नाहीत. जमिनीकडे बघत सांगत राहिला. भोंगा वाजला तेव्हा गावातल्या सोमाची पोर त्यांच्या घरावरून चालली होती. तिने हाक मारली, "यामकाकू, चढायचं का?" तर ही म्हणाली, "थांब गं. खरं असतं तर आमच्या प्राकचा फोन आला असता." पोर काही थांबली नाही, गेली वर. ही दोघा म्हाताऱ्यांना बसा म्हणाली, चहा करते म्हणाली.

"फोन हातात होता तिच्या," ब्लिन म्हणाला. "पोरीने बघितला. सारखी बघत होती फोनकडे."

५ ऑक्टोबर

थेलला पुन्हा विचारलं. दारू घेतली होती का त्या दिवशी? तो म्हणाला, घेतली होती, पण येताना. पूल ओलांडला तो सकाळी, जाताना, नव्वद किलो कसावा लादून, आणि तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता.

पुलापासून खालच्या गावापर्यंत पाण्याला अर्धा दिवस लागतो. म्हणजे मी वाचलं तेव्हा नदी गावाच्या वेशीवर आली होती. मी फोन केला असता तरी? ती धावली असती तर? गुडघे दुखत होते तिचे. मला हे कळतच नाही आणि मी रोज तेच मोजत बसते.

९ ऑक्टोबर

आज त्या बाजूच्या तालुक्याला बैठक झाली. दोन्हीकडचे अधिकारी, मध्ये फुलं, पाण्याच्या बाटल्या. गावचे लोक मागच्या बाकांवर. दुभाषी म्हणून मला पुढे बसवलं.

साहेबांनी माझा आवाज ऐकवला. ध्वनिमुद्रण होत होतं, हे मला माहीत नव्हतं. "काठावरच्यांनो, नदी येतेय, काजूच्या टेकडीवर चढा." माझाच आवाज, कंटाळलेला, जेवायची वेळ झालेल्या माणसाचा. मावशीने मान वर केली.

मग आमच्या बाजूचे मोठे अधिकारी उभे राहिले. म्हणाले, यंत्रणेने चोख काम केलं, वेळेत इशारा दिला गेला, तोही लोकांच्या स्वतःच्या भाषेत. सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. माणुसकी म्हणून तांदूळ आणि पांघरुणं दिली जातील. दुःखद घटनेतून धडा एकच, की जनजागृती कमी पडली. ती वाढवली पाहिजे.

मला म्हणाले, सांग.

'जनजागृती'ला आमच्यात शब्द नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ते म्हणतात, इशारा दिला होता. तुम्ही ऐकलं नाहीत."

मग ब्लिन बसल्या जागेवरून म्हणाला, "ऐकलं नाही? ती तर तुझंच ऐकत बसली होती."

अधिकाऱ्यांनी विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं नाही. मी उलट त्यांना विचारलं, "साहेब, दरवाजे कधी उघडले?"

ते लुआन साहेबांकडे बघायला लागले. लुआन साहेब फुलांकडे. "तो आजच्या बैठकीचा विषय नाही."

तेव्हा मी मागे वळले आणि आमच्या भाषेत सगळं सांगितलं. दरवाजे सकाळीच उघडले होते. मी बोलले तेव्हा पाणी तुमच्या दारात होतं. मला माहीत नव्हतं. आणि यामताईला फोनचं मीच सांगून ठेवलं होतं.

अधिकाऱ्यांना वाटलं, मी तांदळाचं समजावतेय. त्यांनी माना डोलावल्या. नोंद कुठेच झाली नाही. ज्यांना कळलं त्यांच्या हातात काही नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना आमची भाषा येत नाही.

बाहेर लुआन साहेब माझ्याजवळ आले. डोळे सुजलेले होते त्यांचे. म्हणाले, "तू नियमाप्रमाणे वागलीस, प्राक. तुझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही." त्यांना खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. पुढच्या वर्षी आणखी तीन गावांत भोंगे बसणार आहेत. मला कायम करणार होते.

जाकीट साहेबांच्या गाडीच्या सीटवर ठेवून आले.

२ नोव्हेंबर

मावशीला घरी आणलं. आता तिची मुलगी मी. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काल म्हणाली, भातात मीठ कमी आहे. मी आत जाऊन रडले. इतकं मोठं वाक्य महिनाभरात बोलली नव्हती.

गावाने घरं वर, काजूच्या टेकडीला लागून बांधायला घेतली आहेत. पाण्यासाठी मात्र खाली यावंच लागतं, आणि बायका दिवसातून दोनदा नदीवर असतात.

८ नोव्हेंबर

ब्लिनला फोन केला. उचलेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, पूल माझ्या घरापासून जवळ आहे. कार्यालयात आता दुसरी मुलगी बसते, ती वाचेल ते वाचू दे. मी रोज सकाळी पुलावर जाऊन येईन आणि तुम्हाला सांगत जाईन.

त्याच्या मागे लाकूड तासल्याचा आवाज येत होता.

"इशारा नको," तो म्हणाला. "पळा नको, थांबा नको. दिसतं तेवढं सांग. पळायचं का, ते आम्ही ठरवू."

१४ नोव्हेंबर

पावसाळा संपून गेल्यावर आलेलं वादळ. असं पूर्वी होत नव्हतं म्हणतात, पण हल्ली हे वाक्य कुणी पूर्ण करत नाही.

पहाटे पाऊस थांबल्यावर गाडी काढली. मावशी दारात उभी होती, डोक्यावर फडकं बांधून. "मी येते." म्हटलं, मावशी, रस्ता निसरडा आहे. ती मागे बसली आणि तिने माझ्या कमरेला धरलं. ताई गेल्यापासून पहिल्यांदा मला हात लावला तिने.

पुलावर वारा होता. पाणी लाल, खांबाच्या दुसऱ्या दगडाच्या वर, आणि चढत होतं. एक अख्खं केळीचं झाड गिरक्या घेत खालून गेलं. मी फोन काढला आणि ब्लिनचा नंबर लावायला लागले.

मावशीने माझं मनगट धरलं. "थांब."

कठड्याला धरून ती वाकली. तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून बराच वेळ लागला. मी तिची कंबर धरून उभी राहिले. तिने पाण्याकडे बघितलं, वर भिंतीच्या दिशेला बघितलं, पुन्हा पाण्याकडे. खांबाचे दगड बोटाने मोजले.

मग सरळ झाली, माझं मनगट सोडलं आणि म्हणाली, "हं. आता सांग."